तारली वर का सरकली?

प्रश्न : आमच्याकडे एखाद्या वर्षी रापणीला तारलीचा खच लागतो, मग दोन वर्षं नाव नाही. जुने लोक म्हणतात, पूर्वी ती इतकी दिसत नसे. समुद्र तापला म्हणून मासे खरंच मुक्काम हलवतात, की हा जास्तीच्या मासेमारीचा परिणाम? आणि तारली इकडे आली तर आमचा फायदाच ना?
– एक वाचक, मालवण

उत्तर : हलवतात, आणि तारलीइतका स्पष्ट दाखला आपल्या किनाऱ्यावर दुसरा नाही. १९८५ पूर्वी ती मुख्यतः कन्याकुमारी ते भटकळ, म्हणजे ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात मिळे. पुढच्या दोन-तीन दशकांत ती कोकण, गुजरातपर्यंत वर आली आणि पूर्व किनाऱ्याने ओडिशापर्यंत पोचली.

माशाला अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही. पाणी जेवढं गरम, तेवढं त्याचं अंग गरम. अंग तापलं की प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तापलेल्या पाण्यात तो कमी विरघळतो. म्हणून काही मासे उत्तरेला सरकतात, काही खाली जातात. बांगडा एरवी वरच्या थरातला मासा. १९८५ च्या सुमारास देशातल्या एकूण बांगड्यापैकी जेमतेम २ टक्के तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात येई. २००३ ते २००७ या काळात हा वाटा १५ टक्क्यांवर गेला. ट्रॉलरही वाढले हे त्यात धरायला हवंच, पण बांगडा खोल उतरल्याची ही खूण अभ्यासक महत्त्वाची मानतात.

मासेमारीचा हिशेब वेगळा. केरळात २०१२ साली जवळपास ४ लाख टन तारली निघाली. २०२१ साली साडेतीन हजार टनसुद्धा नाही! मधल्या काळात २०१५ चा एल निनो आला आणि पाणी तापलं. पण त्याआधीच अंडी न घातलेली कोवळी तारली मत्स्यखाद्य आणि माशाच्या तेलाच्या कारखान्यांसाठी ढिगांनी उपसली गेली होती. तारलीचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. एक पिढी अंडी घालण्याआधीच जाळ्यात गेली, की वाईट वर्षी सावरायला मागे मोठा मासा उरत नाही. तारली १९४० च्या दशकातही आटली होती, चढउतार तिच्या स्वभावातच आहेत. उपशामुळे उतार फार खोल जातो. त्यामुळे ‘तापमान की मासेमारी’ असा वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही. एकाने तिची जागा हलवली, दुसऱ्याने तिची ताकद काढून घेतली.

फायद्याचं म्हणाल, तर यंदा खच लागला म्हणून ती कायमची वस्तीला आली असं धरून कर्ज काढू नका. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्याला तळाचं थंड, पोषक पाणी वर येतं, त्यावर तिचं सूक्ष्म वनस्पतींचं खाणं पोसतं. ऊब मानवली तरी तेवढं खाणं आपल्याकडे दर वर्षी मिळेलच असं नाही.

शिवाय किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत मासेमारीचा कायदा ज्या त्या राज्याचा, आणि मासा काही सीमा पाळत नाही. १० सेंटिमीटरपेक्षा लहान तारली धरायला केरळात बंदी आहे. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. तुमच्या बंदरावर लिलावाच्या टोपल्यांत बोटभर मासळी दिसली, तर मच्छिमार सोसायटीच्या बैठकीत या आदेशाचा विषय जरूर काढा.