पाठीमागचा बंब

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, मराठी तिसरी भाषा, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं व माझं कधीच जमलं नाही. पण ती म्हणाली, "कँटीनमध्ये गाडीबद्दल तासन्‌तास बोलतेस ना, तेच लिही." म्हणून तेच लिहितेय. शुद्धलेखन तिने तपासलंय, थर्मोडायनॅमिक्सची जबाबदारी माझी.

विषय आहे मिड-इंजिन गाडीतली उष्णता. हा विषय मी आवडीने निवडला असं म्हणता येणार नाही. तो माझ्या मानगुटीवर बसला. गेल्या सीझनला आपल्या कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट गाडी बावीस किलोमीटरच्या एन्ड्युरन्स रेसमध्ये उतरली होती. पहिले अकरा किलोमीटर मी चालवले. नियमाप्रमाणे मध्ये ड्रायव्हर बदलायचा असतो. इंजिन बंद करायचं, उतरायचं, दुसऱ्याने बसायचं आणि तीन मिनिटांत पुन्हा स्टार्ट. मी उतरले, आमचा दुसरा ड्रायव्हर बसला, बेल्ट लागले, बटन दाबलं. स्टार्टर फिरतोय, फिरतोय, पण इंजिन काही पकडत नाही. थोड्या वेळाने मार्शलने गाडी बाजूला घ्यायची खूण केली. वर्षभराची मेहनत आम्ही हाताने ढकलत बाहेर आणली.

सगळ्यात वाईट काय, तर वीस मिनिटांनी पिटमध्ये त्याच बटनावर एका झटक्यात इंजिन चालू झालं. काहीही बिघडलेलं नव्हतं! चालवताना पाण्याचं तापमानसुद्धा शेवटपर्यंत ठीक होतं. मग झालं काय? त्याचं उत्तर शोधताना जे वाचलं आणि मोजलं ते इथे सांगते.

आधी मिड-इंजिन म्हणजे काय ते. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, पण मागच्या अॅक्सलच्या पुढे. गाडीतलं सगळ्यात जड सामान मध्यभागी आलं की गाडी वळणावर चटकन फिरते. १९५९ साली जॅक ब्रॅबहॅम पाठीमागे इंजिन असलेल्या कूपर गाडीत फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत रेसिंगमधली पुढे इंजिन असलेली गाडी संपली. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्ये ही फॅशन आणली ती १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउराने. आपली कॉलेजची गाडी दिसायला मिउरा नाही हे मान्य, पण इंजिन तिथेच आहे.

आता गंमत बघा. साध्या गाडीत रेडिएटर, पंखा, इंजिन एका ओळीत, आणि समोरून वारा फुकट. मिड-इंजिनमध्ये ड्रायव्हरच वाऱ्याच्या वाटेत बसलेला असतो. मग दोनच रस्ते उरतात. रेडिएटर पुढे नाकात ठेवायचा आणि पाण्याचे लांबच लांब पाईप गाडीभर फिरवायचे, किंवा रेडिएटर इंजिनजवळ बाजूला ठेवायचा आणि वारा वळवून तिथपर्यंत आणायचा. दोन्हीला किंमत आहे.

किती उष्णता काढायची, ह्याचा हिशेब आधी करू. पेट्रोल इंजिनसाठी ढोबळ नियम असा, की इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश चाकांकडे जाते, एक तृतीयांश एक्झॉस्टमधून आणि उरलेली पाण्यात, तेलात आणि आजूबाजूच्या हवेत. आपल्या बाईकच्या इंजिनाला नियमाप्रमाणे २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर लागतो, त्यामुळे पूर्ण ताकद धरू २५ किलोवॅट. म्हणजे पाण्यात साधारण २० किलोवॅट. घरातला गीझर दोन किलोवॅटचा असतो, म्हणजे पाठीमागे दहा गीझर एकदम चालू! पंप सेकंदाला अर्धा लिटर पाणी फिरवत असेल, तर २० भागिले (०.५ गुणिले ४.१८), म्हणजे पाणी इंजिनातून जाताना साडेनऊ अंशांनी तापतं. हे ठीक आहे. पाण्याची बाजू सहसा अडत नाही.

अडते ती हवा. ही २० किलोवॅट उष्णता घेताना हवा ३० अंशांनी तापली असं धरलं, तर सेकंदाला ०.६६ किलो हवा लागते, म्हणजे अर्ध्या घनमीटरहून जास्त. एन्ड्युरन्समध्ये सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. पण रेडिएटरच्या जाळीतून हवा त्या वेगाने जात नाही, तिला बाजूने निसटायला आवडतं. आत जाणारा वेग फार तर तीस टक्के धरा. आपला रेडिएटर ०.०६ चौरस मीटरचा. गुणाकार केला तर जेमतेम ०.२२ घनमीटर. गरजेच्या निम्मीसुद्धा नाही!

पहिल्यांदा हे आकडे बघून मला वाटलं कूलिंगवाल्या सीनियर्सनी घोटाळा केलाय. नव्हता केला. एन्ड्युरन्समध्ये फुल थ्रॉटल फार थोडा वेळ मिळतो, आणि सरासरी ताकद पूर्ण ताकदीच्या एक तृतीयांशाच्या आसपास राहते. तेवढ्या उष्णतेला ही हवा बरोबर पुरते. म्हणजे चालत्या गाडीचं गणित सुटतं. आमची गाडी चालताना तापलीच नव्हती, हे लक्षात ठेवा.

हवा आत घेण्याबद्दल सगळे बोलतात, बाहेर काढण्याबद्दल कोणी नाही. पण बाहेर जायला वाट नसेल तर कितीही मोठं तोंड ठेवा, हवा आतच कोंडते आणि नवी हवा येत नाही. म्हणून हवा घ्यायची जास्त दाबाच्या जागी आणि सोडायची कमी दाबाच्या जागी. १९९६ च्या लोटस एलिसमध्ये रेडिएटर नाकात आहे आणि तापलेली हवा बॉनेटवरच्या दोन मोठ्या भोकांतून वर निघते. ती भोकं शोभेची वाटतात, पण नाहीत. उलट उदाहरण लॅम्बोर्गिनी काउंटाशचं. १९७१ च्या जिनिव्हा शोमध्ये आलेला तिचा प्रोटोटाइप इतका सुंदर आणि गुळगुळीत होता की हवेला आत शिरायला नीट जागाच नव्हती. चाचण्यांत इंजिन तापायला लागलं. १९७४ ला विक्रीची गाडी आली तेव्हा खांद्यांवर हवेचे मोठे डबे आणि दारांपासून मागे जाणाऱ्या खोलगट नाका डक्ट दिसू लागल्या. पोस्टरवर ज्या गोष्टींमुळे काउंटाश ओळखू येते, त्यातल्या निम्म्या रेडिएटरसाठी आहेत! आणि २००५ ची बुगाटी व्हेरॉन, हजार हॉर्सपॉवर, तिला दहा रेडिएटर. तिथे गाडीभोवती कूलिंग नाही, कूलिंगभोवती गाडी आहे.

लांब पाईपांचा त्रास समजायला मला सगळ्यात चांगली केस मिळाली ती रोव्हरच्या के-सीरिज इंजिनाची. (ह्याच एमजी रोव्हरने पुण्यात बनलेली टाटा इंडिका २००३ पासून ‘सिटीरोव्हर’ नावाने ब्रिटनमध्ये विकली होती, हे वाचून मला उगाच भारी वाटलं.) १.८ लिटरचं हे हलकं अॅल्युमिनियम इंजिन १९९५ च्या एमजीएफमध्ये आणि नंतर एलिसमध्ये पाठीमागे बसवलं. हेड गॅस्केट जाण्यासाठी ते बदनाम झालं. कारणं एकाहून जास्त आहेत, पण एक आपल्या विषयाचं आहे. ह्या इंजिनात थर्मोस्टॅट पाणी आत येण्याच्या बाजूला होता आणि इंजिनातलं पाणीही कमी. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मधल्या पाईपांत बरंच थंड पाणी साठलेलं. इंजिन तापलं, थर्मोस्टॅट उघडला, की हा थंड लोंढा एकदम आत. थर्मोस्टॅटला थंडी लागते, तो बंद होतो. पुन्हा तापतं, पुन्हा उघडतो. प्रत्येक वेळी ब्लॉक आणि हेड वेगवेगळे आकसतात आणि फुगतात, आणि मधलं गॅस्केट घासलं जातं. गरम काचेच्या ग्लासात गार पाणी ओतल्यासारखंच. पुढे हेड जागेवर धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या डॉवेलऐवजी स्टीलचे डॉवेल आले, आणि थर्मोस्टॅट इंजिनाबाहेर काढून त्याला प्रेशर रिलीफची सोय दिली, जेणेकरून पाणी आधी मिसळेल आणि मग आत जाईल. मला ह्यातून हे कळलं, की तापमान किती आहे ह्याइतकंच ते किती झटकन बदलतंय हेही बघावं लागतं. डॅशबोर्डच्या काट्यावर हे दिसत नाही.

लांब पाईपांचा दुसरा वैताग म्हणजे हवेचा बुडबुडा. पाईपाच्या उंच टोकाला हवा अडकली की पंप नुसता फिरतो. टोयोटा एमआर२ मध्ये पाणी भरताना रेडिएटरची आणि हीटरची हवा वेगवेगळी काढावी लागते. आमच्याकडे वर्कशॉपचे मामा गाडीचं नाक जॅकवर उचलून पाणी भरतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बाळा, हवा वर जाते, पाणी खाली जातं, बाकी तुमचं पुस्तकात बघ."

आता मूळ भानगडीकडे. आत्तापर्यंत सगळं चालत्या गाडीचं. पण गाडी थांबली की? वारा बंद, पंप बंद, पण गरम लोखंड गरमच. आजी शेवटची भाकरी गॅस बंद करून नुसत्या तव्यावर भाजते, तेच. इंजिनातली उष्णता पाण्यात आणि शेजारच्या भागांत येतच राहते. पुस्तकात ह्याला हीट सोक म्हणतात. गावी आमच्याकडे तांब्याचा बंब आहे. निखारे विझले तरी पाणी कितीतरी वेळ तापलेलंच असतं. आमच्या पाठीमागे असा बंब होता आणि त्याच्या शेजारी पेट्रोलची नळी!

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जोरात चालवल्यावर ८०० अंशांपर्यंत जाऊ शकतो. रेडिएशन केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. ८०० अंशांना, इमिसिव्हिटी ०.८ धरून, चौरस मीटरमागे साधारण ६० किलोवॅट. ६०० ला तेच २६. म्हणजे दोनशे अंश उतरले तर उष्णता निम्म्याहून कमी. म्हणून मॅनिफोल्डवर पट्टी गुंडाळतात आणि मध्ये चकचकीत पत्रा लावतात. १९९० च्या दशकातल्या मॅक्लारेन एफ१ ने तर इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावला, सुमारे १६ ग्रॅम. इन्फ्रारेड परत फेकण्यात सोनं फार चांगलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "दीड तोळ्याला थोडं कमी, आणि ते इंजिनाला?"

आम्ही पिटमध्ये तीच परिस्थिती पुन्हा तयार केली. अर्धा तास जोरात चालवलं, बंद केलं, आणि थर्मोकपल फ्यूएल रेलला चिकटवून बघत बसलो. बंद करताना ४८ अंश. तीन मिनिटांनी ६६. सहा मिनिटांनी ७३. गाडी थांबलेली, आणि तापमान चढतंय! इंधन पंप बंद असल्याने रेलमधला दाबही उतरलेला. ह्या तापमानाला पेट्रोलमधले हलके घटक वाफ होतात. इंजेक्टर उघडला की पेट्रोलऐवजी वाफ निघते, मिश्रण पातळ, इंजिन पकडत नाही. वीस मिनिटांनी सगळं निवलं, वाफ पुन्हा द्रव झाली, एका झटक्यात स्टार्ट. कोडं सुटलं, पण रेस वर्षभरापूर्वी संपली होती.

एमआर२ मध्ये टोयोटाने इंजिनाच्या कप्प्यासाठी वेगळा पंखा दिलाय, जो इंजिन बंद झाल्यावरही गरज असेल तर चालतो. आम्ही तेच केलं, आणि थोडं जास्त. पंखा आणि इलेक्ट्रिक वॉटर पंप आता इंजिन बंद असतानाही चालतात. रेल मॅनिफोल्डपासून दूर सरकवली आणि मध्ये दोन पदरी अॅल्युमिनियमचा पत्रा लावला. दोन पदरांमधल्या हवेचं काम पत्र्याइतकंच असतं, हे एका सीनियरने पटवून दिलं. स्टार्टच्या आधी इंधन पंप पाच सेकंद चालवतो, म्हणजे दाब चढतो आणि रेलमधली वाफ दबते. बॅटरीचं वजन मात्र वाढलं, आणि त्यावरून सस्पेन्शनवाले अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

गेल्या महिन्यात पुन्हा मोजलं. तीच अर्ध्या तासाची चाचणी, तेच तीन मिनिटांचं थांबणं. रेल ५१ अंशांवर. मी सीटवर होते. बटन दाबलं, इंजिन चालू झालं आणि मामा पत्र्याला हात लावून म्हणाले, "अजून गरम लागतोय, पण चालतंय."