छोट्या मोटारीचा सांगाडा आणि त्याची दृढता

दिवाळीच्या सुटीत सुरतेस गेलो असता उधन्याला राहणाऱ्या माझ्या मामेभावाने एक प्रश्न विचारला. त्याच्यापाशी जुनी मारुती ८०० आहे. उड्डाणपुलावरून उतरताना वळणावर गाडी फार कलते आणि स्टिअरिंग फिरविल्यावर ती क्षणभर उशिरा वळते, अशी त्याची तक्रार होती. एका दुकानदाराने त्याला बॉनेटखाली बसवावयाच्या दोन दांड्या दाखविल्या होत्या. एक सरळ व जाड, दुसरी इंजिनाला वळसा घालणारी, वाकडी आणि चकचकीत. “दादा, तू हेच शिकवतोस ना? मग यांतली कोणती घेऊ?” असे त्याने विचारले.

प्रश्न साधा वाटला तरी उत्तर देण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी लागली. दुसऱ्या वर्षी परीक्षेपुरते वाचलेले ‘पीळ’ हे प्रकरण येथे उपयोगी पडते, म्हणून तो विचार विद्यार्थ्यांपुढे मांडतो.

मालमोटारीला खाली लोखंडी चौकट असते आणि तिच्यावर वरचा भाग बसवितात. मारुती ८०० सारख्या छोट्या गाडीला अशी वेगळी चौकट नसते. पातळ पत्रे दाबून व वेल्डिंगने जोडून तयार झालेली पेटी हाच तिचा सांगाडा. पुठ्ठ्याचे बुटांचे खोके हातांत धरून पिळून पाहावे. झाकण नसताना ते सहज पिळते. तेच झाकण चारही बाजूंनी चिकटविले की हट्टाने विरोध करते.

हा फरक किती मोठा असतो, हे एका नळीवरून कळेल. २५ मिलिमीटर त्रिज्येची व १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची गोल नळी घ्या. तिला लांबीच्या दिशेने नुसती एक चीर पाडली, तर पिळास होणारा विरोध सुमारे १,८७५ पटींनी घटतो. धातू तेवढाच राहिला. केवळ बंद आकार उघडा झाला. मोटारीत माणसे बसतात तो भाग छपरामुळे बराचसा बंद असतो, परंतु इंजिनाचा भाग वरून उघडा असतो. बॉनेट हे बिजागरीवरचे झाकण. ते हिशेबात धरता येत नाही. आणि पुढच्या चाकांचे स्ट्रट ज्या दोन बुरुजांना वर बोल्टांनी जोडलेले असतात, ते बुरूज नेमके ह्या उघड्या भागातच उभे आहेत.

वळणावर टायरचे आडवे बल स्ट्रटमधून ह्या बुरुजांपर्यंत पोचते. बाहेरच्या चाकावर भार अधिक असल्याने दोन्ही बुरुजांवर सारखे बल येत नाही व त्यांच्यातील अंतर किंचित बदलू पाहते. ते अंतर कायम राखणे, एवढेच स्ट्रट बारचे काम. दोन्ही बुरूज एकाच बाजूला झुकले तर दांडी त्यांच्याबरोबर मुकाट्याने सरकते. सुरत हे कापडाचे शहर. तेथील कोणताही कारागीर सांगेल की कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने ताणले तर फारसे वाढत नाही, पण कोपऱ्यातून कोपऱ्यात ओढले की चौकोनाचा तिरपा आकार होतो. त्याला अडविण्यास कर्णच हवा. म्हणून बुरुजांना मागच्या आडव्या भिंतीच्या मजबूत कडेशी जोडणारी त्रिकोणी रचना नुसत्या दांडीपेक्षा सरस ठरते. सरळ दांडीवर केवळ ताण किंवा दाब येतो; वाकड्या दांडीवर तेच बल तिला आणखी वाकवू पाहते. टोकाशी सैल सांधा असेल तर दांडी जाड असूनही व्यर्थ. तेव्हा दोहोंत निवड करावयाचीच, तर सरळ दांडी.

पण ती घ्यावी काय? सस्पेन्शन आणि सांगाडा हे एकामागोमाग जोडलेल्या दोन स्प्रिंगांसारखे आहेत. उदाहरणासाठी मऊ सस्पेन्शनची दृढता ५०० न्यूटन-मीटर प्रति अंश व सांगाड्याची ५,००० धरू. दोहोंची मिळून येते सुमारे ४५५. आता सांगाडा दुप्पट दृढ करून १०,००० केला, तर एकूण होते ४७६. म्हणजे वाढ अवघी पाच टक्के. तेच सस्पेन्शन २,००० इतके कडक असते, तर वाढ सुमारे सतरा टक्के झाली असती. सबब शर्यतीच्या कडक गाडीला सांगाडा बळकट केल्याचा जो लाभ होतो, तो घरच्या मऊ गाडीला होत नाही. शिवाय गाडी कलणे आणि सांगाडा पिळणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलणे हे स्प्रिंगांचे आणि शॉक अॅब्सॉर्बरचे काम. बॉनेटखालची दांडी ते थांबवीत नाही.

आम्ही गाडी तपासली. टायरवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. त्यावरून टायर नऊ वर्षांचे निघाले. खालच्या आर्मचे रबरी बुश फाटलेले होते. स्टिअरिंग फिरविल्यावर होणारा उशीर मुख्यतः तेथला. मग पायाखालची रबरी चटई उचलली. सुरतेला समुद्राची दमट हवा, त्यातून पावसाळ्यात खाड्यांचे पाणी वस्त्यांत शिरते. ऑगस्ट २००६ मधील तापीच्या पुराने तर बहुतेक शहर बुडाले होते. दारांखालच्या पोकळ तुळईला पेचकसाने टोचले, तर पेचकस आत गेला. ही तुळई म्हणजे आपली बंद नळी. तिला गंजाने चीर पाडली होती!

अशा गाडीस वरून दांडी लावणे म्हणजे भिंत पोखरलेली असताना तोरण बांधणे. त्याहून वाईट हे की टक्कर झाल्यास हीच तुळई माणसांच्या भागाला आधार देते. दांडीसाठी राखलेले पैसे त्याने प्रथम गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करण्यात, मग बुश, टायर आणि व्हील अलाइनमेंट यांत घातले. आता गाडी सांगितल्याबरोबर वळते. कलते अजूनही, पण तो तिचा स्वभावच आहे.

याउपरही ज्यांना बळकटी वाढवावयाची असेल त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. दांडी कारखान्याने दिलेल्या छिद्रांतच बसावी, नवी छिद्रे पाडू नयेत. गाडीच्या पोटाखाली लावावयाची पट्टी गतिरोधकास घासणार नाही, हे मोजून घ्यावे. आणि कायदा विसरू नये: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच दंडक स्पष्ट केला. शंका असल्यास आर.टी.ओ. कार्यालयात आधी विचारावे.

सूत्र पाठ असणे वेगळे आणि पेचकस घेऊन गाडीखाली वाकणे वेगळे. मामेभावाने दांडी कोणती ते विचारले होते. उत्तर चटईखाली सापडले.