महारोहिणीतील छुपी गळती

हृदयातून निघालेली महारोहिणी छातीतून खाली पोटात उतरते. तेथे तिचा व्यास सामान्यतः सुमारे २ सेंटिमीटर असतो. तिची भिंत दुर्बळ झाली, तर तो भाग फुग्यासारखा फुगतो. ह्या विकारास रोहिणी-विस्फार म्हणतात. हा फुगा फुटल्यास अतिरक्तस्रावाने रोगी दगावण्याचा संभव असतो.

१९९० साली ब्वेनोस आयरेस येथे हुआन परोदी ह्या शल्यचिकित्सकाने पोट न उघडता, जांघेतील रोहिणीवाटे, धातूच्या जाळीने धरून ठेवलेली कापडी नळी महारोहिणीत बसविली. अशा नळीस स्टेंट-ग्राफ्ट हे नाव आहे. रक्त नळीतून वाहू लागले म्हणजे बाहेरच्या फुगीर कोशावरील दाब कमी होतो. परंतु कोशात रक्त पुन्हा शिरू लागल्यास धोका परत उद्भवतो. रोग्यास बहुधा त्याची जाणीवही होत नाही. म्हणूनच ठराविक काळाने सीटी तपासणी करतात.

ह्या तपासणीत क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराच्या आडव्या छेदांची चित्रे मिळतात. पहिली चित्रमालिका साधी असते. नंतर नीलेतून आयोडीनयुक्त द्रव्य टोचतात. त्यामुळे वाहते रक्त चित्रात पांढरे दिसते. दुसरी मालिका रोहिण्या ह्या द्रव्याने भरताच आणि तिसरी त्यानंतर काही वेळाने घेतात.

कोशातील प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे गळती नव्हे. भिंतीत साचलेले कॅल्शियमही पांढरेच दिसते. पण ते पहिल्या मालिकेतही असते. तेथे नसलेला आणि पुढे उमटलेला ठिपका गळतीचा होय. मंद गळती कित्येकदा तिसऱ्या मालिकेतच प्रकट होते.

गळतीच्या स्थानावरून तिचा प्रकार ठरतो. पहिल्या प्रकारात रक्त नळीच्या टोकाशी निसटते, तर तिसऱ्यात सांध्यातून किंवा फाटलेल्या कापडातून. ह्या दोहोंत कोशावर थेट दाब येत असल्याने दुरुस्तीस विलंब चालत नाही. दुसरा प्रकार सर्वाधिक आढळतो. त्यात कमरेकडील लहान रोहिण्यांतून रक्त उलट वाहत कोशात येते. अशी गळती अनेकदा आपोआप थांबते; म्हणून कोश वाढत नसल्यास केवळ लक्ष ठेवतात. चौथ्या प्रकारात रक्त कापडाच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपते व लवकरच थांबते. पाचव्यात गळती दिसत नाही, तरीही कोश वाढतो.

ह्यास्तव ठिपक्यांच्या शोधाबरोबर कोशाचा व्यासही मोजणे अगत्याचे असते. ५ मिलिमीटर वा अधिक वाढ ही धोक्याची सूचना मानतात. दर वेळची वाढ अल्प असली, तर मागच्याच चित्राशी केलेल्या तुलनेत ती नजरेतून सुटते; शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चित्राशी ताडून पाहिल्यास मात्र ती स्पष्ट होते. रोग्याने जुनी चित्रे जपून ठेवावीत, ती ह्याचसाठी.