पाणी कुठलं, ते आधी शोधा

बेसमेंटची भिंत ओली दिसली की लोक लगेच विचारतात, "हे बंद कोण करून देईल?" माझं कळकळीचं सांगणं आहे की हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, हे पाणी आलं कुठून? पनवेलच्या आमच्या सोसायटीत वॉटरप्रूफिंगवाले येत, भिंतीवर टकटक करून चौरस फुटाचा दर सांगत, दहा वर्षांची गॅरंटी देत. पाण्याचा उगम मात्र एकानंही विचारला नाही. त्यांतल्या एकानं भिंतीला आतून केमिकलचे जाड हात मारले. भिंत कोरडी झाली, सगळे खूश झाले. पुढच्या आषाढात त्या थराला फुगे आले, पोपडे निघाले आणि ओल सरकून पलीकडच्या खांबाच्या बुंध्याशी उगवली. सभासदांचे कष्टाचे पैसे गेले ते गेलेच. मी तेव्हा कमिटीत सेक्रेटरी होते. त्यानंतर आम्ही एका जाणत्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं आणि त्यांच्याबरोबर अख्खा पावसाळा बेसमेंटचा कोपरान् कोपरा पाहिला. त्यांच्याकडून जे शिकले, ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

पनवेलची जमीन आधी समजून घ्यायला हवी. माथेरानच्या डोंगरातून गाढी नदी उतरते, दुसऱ्या अंगाला खाडी आहे, जुन्या गावात वडाळे, कृष्णाळे, देवाळे असे तलाव आहेत. २६ जुलै २००५ ला गाढीचं पाणी वस्तीत शिरलं होतं, ते इथला माणूस विसरलेला नाही. पण बेसमेंटचा रोजचा शत्रू पूर नव्हे. बऱ्याच ठिकाणी वर मुरूम आणि खाली काळा खडक आहे. पाऊस मुरमात मुरतो आणि खडकावर येऊन अडतो. बेसमेंटसाठी खोदलेला खड्डा भिंतीपेक्षा रुंद असतो, आणि भिंत उभी राहिल्यावर तिच्याबाहेरची पोकळी पुष्कळदा राडारोड्यानं भरून टाकतात. ही सैल भरणी आजूबाजूचं सगळं पाणी ओढून घेते. मग बेसमेंट जमिनीत असतं आणि त्याच्या चारी बाजूंना न दिसणारी विहीर असते. तिथे तीन मीटर पाणी साठलं, तर तळाच्या स्लॅबला खालून दर चौरस मीटरला सुमारे तीन टन रेटा बसतो. आतून मारलेला रंग किंवा गिलावा या रेट्यापुढे टिकायचा कसा?

उगम ओळखायला सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे दिनदर्शिका. पाऊस पडल्यावर तास-दोन तासांत गळती सुरू झाली आणि पाऊस उघडल्यावर थांबली, तर पाणी वरून येतंय: रॅम्पवरून, पोडियमच्या स्लॅबमधून, एक्सपान्शन जॉइंटमधून किंवा वरच्या बागेच्या वाफ्यांतून. पावसाची झड लागल्यावर चार-सहा दिवसांनी ओल चढू लागली आणि दसरा-दिवाळीपर्यंत रेंगाळली, तर ते भूजल. आणि वैशाखाच्या उन्हातही डाग तसाच ओला असेल, तर पावसाला बोल लावू नका. तुमची भूमिगत टाकी, पाइप किंवा ड्रेनेजची लाइन गळते आहे.

आणखी एक पाणी असतं, ते गळतच नाही. बेसमेंट गार असतं, पावसाळी हवा दमट असते, म्हणून फरशीला नुसता घाम सुटतो. पारखायला सोपं आहे. प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा फरशीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. थेंब प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा, खालच्या बाजूला असतील तर ओल जमिनीतून वर येते आहे. पहिल्या प्रकाराला वॉटरप्रूफिंग लागत नाही.

भूमिगत टाकीबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे प्रश्न आरोग्याचा आहे. पुष्कळ इमारतींत ही टाकी बेसमेंटच्या भिंतीला लागूनच असते. रात्री सगळे झोपल्यावर इनलेटचा व्हॉल्व्ह आणि वर पाणी चढवणारा पंप बंद करा, पातळीशी खूण करा, पहाटे पुन्हा बघा. पातळी उतरली असेल तर टाकी गळते आहे. दुसरी खूण क्लोरीनची. गावोगावी नळाचं पाणी तपासायला जी ओटी टेस्ट करतात, तीच करायची. झिरपलेलं पाणी बाटलीत धरून त्यात त्या औषधाचे थेंब टाका, पाणी पिवळं झालं तर ते नळाचं. पण काँक्रीटमधून झिरपताना क्लोरीन उडून गेलेलं असू शकतं, म्हणून पिवळं झालं नाही तर त्यावरून काहीच ठरवू नका. ते औषध हाताला लागू देऊ नका, आणि तपासलेलं पाणी ओतून द्या.

ज्या भेगेतून टाकीतलं पाणी बाहेर जातं, त्याच भेगेतून बाहेरचं पाणी आत येतं. टाकी भरलेली असते तोवर तिचा दाब बाहेरच्याला रोखतो. पनवेलला पाणी पुरवणाऱ्या देहरंग धरणातलं पाणी आटलं, कपात सुरू झाली, टाकी तळाला गेली, की भेगेची दिशा उलटते. शेजारी मैलापाण्याचा चेंबर असेल तर काय घडेल ते वेगळं सांगायला नको. इमारतीत कावीळ किंवा जुलाबाचे दोन-तीन रुग्ण एकदम निघाले, तर डॉक्टरकडे जाताना टाकीचं पाणीही तपासायला द्या. टाकीला आतून लेप लावून घ्याल तेव्हा तो पिण्याच्या पाण्याला चालणारा आहे, हे लेखी मागा.

पावसाळ्यातच बेसमेंटचा नकाशा काढा, हे माझं आग्रहाचं सांगणं. आमच्याकडे इंजिनिअरनी प्रत्येक ओल्या जागेवर खडूनं खूण करून तारीख घालायला लावली. महिनाभरात चित्र स्पष्ट झालं: ओल भिंतभर नव्हतीच. ती होती तळाची राफ्ट आणि भिंत जिथे मिळतात त्या रेषेवर, शटरिंग धरून ठेवणाऱ्या सळ्यांच्या जुन्या भोकांत, ड्रेनेजचा पाइप भिंतीतून बाहेर जातो तिथे, आणि काँक्रीट नीट न दाबल्यामुळे खडी उघडी पडलेल्या एका पट्ट्यात. बाकीच्या भिंतीवर खर्च करायची गरजच नव्हती. भिंतीवर पांढरी क्षारांची पावडर दिसली की पाणी तिथून नेमानं ये-जा करतं असं समजा. तांबूस डाग अधिक गंभीर, कारण आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडून काढतो. आणि उपसलेलं पाणी बादलीत निवळू द्या. खाली रेती, माती बसली तर पाणी जमीन धुऊन नेत आहे. मग वॉटरप्रूफिंगवाल्याला नव्हे, त्याच दिवशी इंजिनिअरला फोन करा.

भूजलावरचा खरा उपाय बाहेरून, म्हणजे पाणी जिकडून रेटतं तिकडून. आपल्याकडची शहाबादी लाद्यांची बॉक्स पद्धत म्हणूनच इतकी वर्षं टिकली. पण ती बांधतानाच करायची. उभ्या इमारतीत भिंतीबाहेर खोदायला जागा असेल तर मे महिन्यात तिथून मेंब्रेन लावता येतं. जागा नसेल तर आतून भोकं पाडून, निपल बसवून दाबानं ग्राऊट भरतात. वाहत्या गळतीत फेसाळणारं पॉलियुरेथेन पाणी अडवतं, पण नुसत्या फेसावर काम आटोपू देऊ नका, मागून रेझिन भरून घ्या. एक जागा बंद झाली की पाणी दुसरी वाट शोधतंच. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात येऊन राहिलेल्या जागा भरून देण्याची अट करारात हवी, आणि काही रक्कम तोवर हातात राखून ठेवा.

विजेबद्दल हात जोडून सांगते. मे २०२५ मध्ये बंगळूरच्या बीटीएम लेआउट भागात एका इमारतीच्या बेसमेंटमधलं पावसाचं पाणी उपसताना विजेचा धक्का बसून दोघांचा जीव गेला; त्यांतला एक बारा वर्षांचा मुलगा होता. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या राजेंद्रनगरमध्ये कोचिंग क्लासच्या बेसमेंटमध्ये पाणी घुसून तीन विद्यार्थी बुडाले. म्हणून पाणी साचलेलं दिसलं की वॉचमनला, मुलांना कोणालाही आत पाठवू नका. आधी वरून मेन स्विच बंद करा. तो खालीच असेल तर महावितरणला कळवा आणि थांबा. गाडी गेली तर जाऊ दे.

बेसमेंटमधलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा फ्लोट स्विच मृग लागण्याआधी बादलीभर पाणी ओतून तपासा. वीज नेमकी मुसळधार पावसातच जाते, तेव्हा पंपाला जनरेटरची जोड हवी. उधाणाच्या भरतीला गटारं तुंबतात आणि पंपाच्या पाइपातून पाणी उलटं येतं, म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही हवाच. रॅम्पच्या तोंडाशी थोडा उंचवटा आणि जाळीची नाली असली तर निम्मी लढाई तिथेच जिंकता येते.

पैशांवरून सर्वसाधारण सभेत भांडण ठरलेलं: "ज्यांच्या गाड्या खाली, त्यांनीच भरावं." हे बरोबर नाही. रेरा कायद्यात सामाईक जागांच्या यादीत सामाईक बेसमेंट आहे, आणि सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची व बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर त्याहीआधी बिल्डरला लेखी कळवा. रेराच्या कलम १४ प्रमाणे बांधकामातला दोष त्यानं तीस दिवसांत, वेगळे पैसे न घेता दूर करायचा असतो. नाही केला तर महारेराकडे तक्रार करता येते. फोनवर गोड बोलून मुदत संपवणारे असतात. पोच घ्या, तारखेसह फोटो जोडा.

आमच्या बेसमेंटचा खाडीकडचा एक कोपरा अजून पाझरतो. इंजिनिअरच्या सल्ल्यानं आम्ही तो बुजवला नाही. भिंतीकडेनं नाली काढून ते पाणी संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्यात, घेतलं. तिथला पंप आषाढ-श्रावणात अधूनमधून चालतो, आणि विजेची मीटर रूम रीतसर अर्ज करून आम्ही वर तळमजल्यावर हलवली आहे.