खुब्याचा सांधा बदलण्यापूर्वी

‘कळसूबाई चढणाऱ्याला कसली आली तयारी?’ खुब्याचा सांधा बदलायचे ठरले तेव्हा मी असेच म्हणालो होतो. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर आमच्या अकोले तालुक्यातले. दर नवरात्रात मी ते चढत असे. पण सांधा दुखू लागला की माणूस त्या पायावर भार देणे टाळतो आणि मांडीचे व नितंबाचे स्नायू नकळत बारीक होतात. माझेही तेच झाले होते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी सहा आठवडे डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम केले, वॉकरने चालण्याचा सराव केला. किडके दात दुरुस्त करून घेतले, कारण तोंडातले जंतू रक्तावाटे कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. तंबाखू सोडली, तिच्यामुळे जखम भरायला वेळ लागतो. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगावे. आपल्या मनाने बंद करू नयेत. घरात कमोड बसवला, उंच खुर्ची आणली, पायात अडकणाऱ्या सतरंज्या उचलल्या.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चाललो. तिसऱ्या आठवड्यात मात्र जोर आला आणि पंगतीत जमिनीवर बसायला निघालो. घरच्यांनी अडवले म्हणून बरे! जमिनीवर किंवा उकिडवे बसताना खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकतो आणि सुरुवातीच्या काळात नवा सांधा निखळू शकतो. कधी, किती वाकायचे हे डॉक्टरांनाच विचारावे. धडधाकट माणसाने व्यायामाइतकीच धीराचीही तयारी करावी.