अंगाचे दुखणे, मनाची उदासी
कापूस वेचून, निंदण करून आपल्या कित्येक आयाबहिणींची कंबर वर्षानुवर्षे दुखते. पुढे झोप उडते, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही. घरचे म्हणतात, 'कामचुकार झाली', नाहीतर 'बाहेरचे लागले'. दोन्ही खोटे आहे.

३ महिन्यांहून अधिक टिकलेली वेदना आणि २ आठवड्यांहून अधिक टिकलेली उदासी एकमेकींना वाढवितात. मेंदूतील सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन ही द्रव्ये दोहोंशीही निगडित आहेत. म्हणून उपचारही दोहोंचा एकत्र हवा. नुसत्या वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्याने पोट व मूत्रपिंडे बिघडू शकतात. ड्युलॉक्सेटिनसारखे औषध दोहोंवर चालते. पण ते डॉक्टरांनीच द्यावे. गुण यायला काही आठवडे लागतात. मनाने बंद करू नये. जोडीला हळूहळू वाढविलेला व्यायाम आणि समुपदेशन हवे.

संयुत्त निकायात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे : एक शरीराच्या वेदनेचा, दुसरा मनाच्या. धम्म धीर देतो. तो औषधाची जागा घेत नाही.

तेव्हा अंगारा-धुपारा सोडा. रुग्णाला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्या आणि कंबरेसोबत मनाचेही सांगा. जीव नकोसा वाटू लागला तर त्याच क्षणी १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोला, आणि त्या माणसाला एकटे सोडू नका.