'जाने भी दो यारों' : एका प्रेताचा ताळेबंद

विनोदी चित्रपट पाहून आपण हसतो आणि विसरतो. कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारों' (१९८३) मात्र हसवून झाल्यावरही मनाला टोचत राहतो. याचे कारण कथेइतकेच तिच्या मांडणीत आहे. म्हणून येथे त्यातील दृश्यरचना आणि काळा विनोद यांचा एकत्र विचार करू.

विनोद (नसीरुद्दीन शाह) आणि सुधीर (रवी बासवानी) मुंबईत फोटो स्टुडिओ काढतात. गिऱ्हाईक फिरकत नाही. 'खबरदार'ची संपादिका शोभा त्यांना तरनेजा (पंकज कपूर) या बिल्डरच्या भानगडींचे फोटो काढायला लावते. शोभाचे काम 'ती फुलराणी'मुळे मराठी रसिकांना परिचित असलेल्या भक्ती बर्वे यांनी केले आहे. पुढे बागेतला एक फोटो मोठा करता करता त्यात खून दिसतो. बळी पडलेले असतात महापालिका आयुक्त डिमेलो (सतीश शाह).

त्या बागेचे नाव 'अंतोनिओनी पार्क'. अंतोनिओनी यांच्या 'ब्लो-अप' (१९६६) या चित्रपटाला केलेला हा नमस्कार आहे. तेथेही मोठ्या केलेल्या फोटोत खुनाची चाहूल लागते, पण पुरावा नाहीसा होतो आणि खरे काय ते कळत नाही. येथे खुनी कोण ते स्वच्छ दिसते. ते पाहण्याची गरज मात्र कोणालाच नाही. काळा विनोद येथून सुरू होतो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला बेअरर चेक ठाऊक असतो : ज्याच्या हाती, त्याचे पैसे. डिमेलोचे प्रेत तसेच हातोहात फिरते. शोभाला त्यावर पैसे उकळायचे आहेत, तरनेजाला ते दडपायचे आहे. नशेतला आहुजा (ओम पुरी) शवपेटीला बंद पडलेली मोटार समजून मदतीला धावतो. प्रेताशी माणुसकीने बोलणारा तोच एक, आणि तोही शुद्धीवर नाही!

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या या चित्रपटाला सुमारे ७ लाख रुपयेच खर्च आला. भव्य देखाव्यांऐवजी बिनोद प्रधान यांच्या कॅमेऱ्यापुढे खरी मुंबई आहे. अर्धवट इमारती आहेत, उड्डाणपूल आहे. महाभारताच्या नाटकाचा प्रसंग तर मुद्दाम अभ्यासावा. साडी नेसवलेले प्रेत द्रौपदी म्हणून निश्चल, आणि भोवती सारे जिवंत लोक ओढाताण करताहेत. आहुजा बजावतो, द्रौपदीत आपण सगळेच शेअरहोल्डर! हसू येते, आणि त्याच क्षणी लक्षात येते की शहराचा कारभारही याच हिशेबाने चालला आहे.

शेवटी पूल कोसळतो, चोर एक होतात आणि दोष या दोघांच्या माथी येतो. कैद्यांच्या कपड्यांत चालताना ते थेट कॅमेऱ्याकडे पाहून गळ्यावरून हात फिरवतात. आतापर्यंत पाहण्याचे काम त्यांचा कॅमेरा करत होता. आता ते आपल्याकडे पाहतात. सारा पुरावा आपणही पाहिलेला असतो. 'जाऊ द्या हो' असे म्हणून उठणे मग सोपे राहत नाही.